मला क्यू येतो

पोशीरच्या शाळेवर मी लागलो त्याला तीनेक वर्षं झाली होती. एके सकाळी शाळेला निघालो, तर पिठाच्या गिरणीपुढे ठकूमावशी उभी. गिरणीला कुलूप. गिरणीवाला तापाने घरी पडलाय, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आणि ही बाई काखेत तांदळाचा डबा मारून, बंद दारापासून बरोबर दोन हात अंतर सोडून, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावी तशी ताठ उभी.

“मावशी, गिरणी बंद आहे,” मी म्हटलं.

“ठाव हाय.”

“मग इथे काय करतेस?”

“क्यूत हुबी हाय.”

“अगं, पण पुढे कुणीच नाही!”

“पुढं नाय तर नाय, मागं तरी कोण पायजे का नको? मास्तर, जरा माज्या मागं हुबं ऱ्हा. एकट्या माणसाचा क्यू व्हतो का कदी?”

शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मी निमूट तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. न राहून सांगतो कुणाला! ठकूमावशी माझी सख्खी शेजारीण, आणि माझ्या चहाला दूध तिच्या म्हशीचं. शेजारणीशी भांडण एक वेळ परवडतं, दूध घालणारीशी नाही.

बंद गिरणीपुढे आमचा हा दोघांचा क्यू पाच मिनिटं चालला. वाटेने जाणाऱ्या माझ्याच चौथीच्या पोरांनी तो पाहिला, आणि त्या दिवशी वर्गात मला गप्प बसा म्हणायला तोंड राहिलं नाही.

आता गंमत कळायची तर आधीची ठकूमावशी माहीत पाहिजे. बुटकी, रुंद, विधवा बाई. चालली की गाडीबैलालाही बाजूला व्हावंसं वाटे. तिची कोपरं पंचक्रोशीत प्रसिद्ध. रेशनच्या दुकानात साखर आली की बायकांचा जो घोळका व्हायचा, त्यात ठकूमावशी सगळ्यांत शेवटी येई आणि सगळ्यांत आधी साखर घेऊन बाहेर पडे. कुणी बोललंच तर तिचं ठरलेलं उत्तर होतं: “द्येवानं कोपरं काय कालवण ढवळायला दिलीत?”

कळंबकडून नेरळला जाणारी एसटी गावात यायची तीच भरून. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. ठकूमावशीकडे कुठला रुमाल! एकदा तिने हातातला पाय बांधलेला कोंबडाच खिडकीतून आत टाकला. कोंबडा पडला तो थेट एका टोपीवाल्या गृहस्थांच्या मांडीवर. ते ओरडत उठले, आणि ही त्यांच्याच जागेवर जाऊन बसली. कंडक्टर म्हणाला, “कोंबड्याचं तिकीट काढा.” ती म्हणाली, “त्यानं परवास केला नाय रं बाबा, त्यानं निस्ती जागा धरली!” सगळी गाडी हसली. टोपीवाले गृहस्थ नेरळपर्यंत उभे.

तर अशी ही बाई. आणि ती क्यू शिकायला निघाली होती!

त्याचं कारण माझ्याशिवाय गावात कुणाला माहीत नव्हतं. मला होतं, कारण मावशीला अक्षरओळख नव्हती आणि तिची कार्डं मीच वाचायचो, मीच लिहायचो. तिची एकुलती एक मुलगी शेवंती लालबागला दिली होती. जावई तिथल्या कापडगिरणीत कामाला. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीत मावशी लेकीकडे गेली. म्हणाली, मी आल्येय तर बसून का खाऊ, दूध मी आणते. पहाटे दूध केंद्रावर गेली. तिथे माणसं एकामागे एक उभी. मावशीला वाटलं, काय खुळी लोकं! वाट एवढी मोकळी असून कोण पुढं जात नाय! ती गेली की पुढे. कोपरं चालली. मागून ओरडा झाला, “ओ बाई, क्यू! क्यू!” हिला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही. तिने आणखी जोर केला. पुढच्या बाईंच्या हातातली दुधाची बाटली खळकन् फुटली. त्या बाई निघाल्या शेवंतीच्या सासूची मोठी बहीण.

मग काय विचारता! चाळीचा एक मजला नाही की जिथे ते फुटलेलं दूध पोचलं नाही. सासू सगळ्यांदेखत म्हणाली, “तुझ्या आईला चार माणसांत आणायची सोय नाही.” शेवंतीने उत्तर दिलं नाही. मावशी दुपारच्या गाडीने परत आली. आठ दिवसांनी कार्ड आलं. त्यात सगळ्यांची खुशाली होती आणि शेवटी एक ओळ होती: “आई, तू इतक्यात इकडे येऊ नकोस.”

ते वाचताना मी ती ओळ गाळणार होतो. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, “वाचा, मास्तर. अजून शाई हाय खाली.”

पुढचं कार्ड आलं ते शेवंतीला दिवस गेल्याचं. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरचं. पण सासरचे म्हणाले, खेड्यात डॉक्टर कुठला, इथेच इस्पितळात होऊ दे. तेही एकवेळ ठीक. पण आईने यावं, असं काही त्या कार्डात नव्हतं. मावशीने म्हशीला पाणी दाखवलं, हात पुसले आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली.

“मास्तर, त्यो क्यू म्हंजे काय ता मला शिकवा.”

“क्यू म्हणजे रांग, मावशी. आपल्या शाळेतल्या पोरांची असते तशी.”

“तशी कशी? पोरांच्या रांगंत तुमी छडी घ्येऊन हुबं असता. क्यूत छडीवाला कोण असतो?”

“कुणी नसतो.”

“पोलिस?”

“नाही.”

“आन् तरी हुबी ऱ्हातात?” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, “आगं बया! मंग ती लोकं खुळी नायत. मीच खुळी.”

खरं सांगतो, बावीस वर्षं मास्तरकी केली, पण एवढ्या लवकर समजलेला विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. आणि मनातल्या मनात मी ओशाळलोही. कारण मास्तर म्हणून मला गावात कुठेच थांबावं लागत नसे. रेशनवाला मला मागच्या दाराने साखर देई, आणि मी घेई.

शिकली ती शिकली, पण ज्याला त्याला शिकवत सुटली! एकटीचा क्यू होत नाही म्हटल्यावर तिने गावच कामाला लावलं. विहिरीवर बायकांना एकामागे एक उभं केलं. “दोन हात जागा सोड गं! अंगाला अंग लागलं का त्यो क्यू नाय, ती जत्रा झाली.” बायका आधी हसल्या, मग चिडल्या, मग सवयीने उभ्या राहू लागल्या. कुणाचा हंडा पुढे सरकला की मावशीच भांडण सोडवी. म्हशींनाही तिने तळ्यावर ओळीने पाणी पाजायचा घाट घातला होता. पण म्हशी त्या म्हशीच. मावशी म्हणाली, “त्यांना मुंबईला कुटं जायाचं हाय!”

कळस झाला तो पाटलांच्या पुतणीच्या लग्नात. अक्षता पडल्या आणि आहेर द्यायला माणसं नवरानवरीवर तुटून पडली. ठकूमावशी मांडवाच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. “क्यू लावा, क्यू! नवरी काय पळून जात नाय!” लोकांनी लावला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा आले. जाडजूड, गळ्यात उपरणं, हातात मानाचा आहेर. ते सरळ पुढे निघाले. मावशीने त्यांना उपरण्याला धरून शेवटी नेऊन उभं केलं, एका शेंबड्या पोराच्या मागे.

मामा रुसले. बैलगाडी जुंपायला सांगितली. पंगत खोळंबली, वरण निवलं, पाटील पागोटं काढून मामांच्या पुढे बसले. दोन तासांनी मामा जेवायला उठले तेव्हा पोटात कावळे ओरडत असलेलं सगळं वऱ्हाड मावशीच्या नावाने बोटं मोडत होतं. मी रागावून म्हटलं, “काय गं हे! मानपान म्हणून काही असतं की नाही?”

“त्या मामाची सवय मोडली ना मास्तर,” ती शांतपणे म्हणाली, “उद्या त्यो लेकीकडं गेला तर त्याच्या लेकीला कोण बोलणार नाय.”

मी पंगतीकडे वळलो.

दर पंधरा दिवसांनी ती मला कार्ड लिहायला लावी. म्हैस, भात, शेजारपाजार, सगळं सांगून झालं की मान वर करून म्हणे, “आन् खाली लिवा, का आईला क्यू येतो.” मी म्हणायचो, अगं, क्यू काय पोहण्यासारखा येतो? ती म्हणे, “तुमी लिवा तर.” मी लिहायचो. मोठ्या अक्षरात. उत्तरात त्याबद्दल कधी चकार शब्द नसे. बोलावणंही नसे. कार्ड वाचून झालं की ती दोन्ही बाजू उलटून बघे, आणि “बरं” म्हणून म्हशीकडे जाई.

शेवटी जावयाचं कार्ड आलं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाच. “यायचे तर यावे,” असं त्याने लिहिलं होतं. मला ते वाचून तिडीक आली. यायचे तर यावे! हे काय बोलावणं झालं? पण मावशीला त्यातलं फक्त “यावे” ऐकू आलं. रात्रीतून तिने अळिवाचे लाडू वळले. तिला एकटीला पाठवायचा मला धीर होईना, म्हणून रजा टाकून मीही निघालो. संध्याकाळी परतायचंच होतं. म्हैस ताजी व्यालेली, आणि व्याह्यांच्या घरी कुणी राहा म्हटलेलं नव्हतं.

साडेतीनलाच आम्ही इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो. क्यू लागलेला होता. मावशीचा चेहरा उजळला. पदर नीट केला, डबा छातीशी धरला आणि पुढच्या माणसापासून मोजून दोन हात अंतर सोडून उभी राहिली.

तिथेच घात झाला. चारला फाटक किलकिलं उघडलं, चार-चार माणसं आत सोडायला लागले, आणि सगळ्यांचा धीर सुटला. मावशीच्या पुढची ती दोन हात जागा रिकामी बघून एक जण तिथे घुसला. मावशी मागे सरकून पुन्हा दोन हात जागा सोडून उभी राहिली. तिथे आणखी दोघं घुसले. ती पुन्हा मागे. क्यू पुढे चालला होता आणि आमची बाई मागे मागे! बघता बघता क्यू कसला, नुसती झुंबड झाली. सगळे एकमेकांना रेटत होते.

“मावशी,” मी तिच्या कानाशी ओरडलो, “घूस! चालव कोपरं! पावणेपाच झाले!”

“नाय.”

“अगं, नातीला बघायचंय ना?”

“हुबं ऱ्हावा मास्तर. धक्का नका दिऊ.”

ती मान वर करून समोर बघत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं वाहत होती. मी स्वतः घुसून बघितलं. चष्मा वाकडा झाला, पण फाटक गाठता आलं नाही. पाचाची घंटा वाजली. फाटक बंद. बाहेर राहिलेले शिव्या देत पांगले. मावशीने रखवालदाराला डबा दिला, शेवंतीचं नाव सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. त्याने डबा पोचवायचं कबूल केलं.

परतीच्या वाटेवर माझा तोल सुटला. मी तिला वाट्टेल ते बोललो. क्यू कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा याची अक्कल नको? एवढ्या लांब येऊन, पोटच्या पोरीला न भेटता, नातीचं तोंड न बघता परत? आयुष्यभर बिनकामाची घुसलीस आणि आज कामाच्या वेळी देवासारखी उभी राहिलीस! शिकवलं तेच चुकलं माझं!

तिने सगळं ऐकून घेतलं. गाडीत जागा मिळाली, बसलो, तेव्हा म्हणाली, “तुमी वर नाय बघितलं, मास्तर.”

“वर काय होतं?”

“दुसऱ्या माळ्यावर ग्यालरीत शेवंती हुबी व्हती. बाळंतिणीनं हुबं ऱ्हाऊ नये, पण व्हती. बाजूला तिची सासू. मी पयल्यापास्नं बघत व्हते. समदी लोकं रेटारेटी करीत व्हती आन् मी एकटीच लायनीत. शेवंतीनं बोट करून सासूला दावलं.” तिने स्वतःचं बोट माझ्यापुढे धरून दाखवलं. “असं. पोरीनं मला चार लोकांत बोट करून दावलं, मास्तर. मंग मी कशी घुसू?”

मी चष्म्याची दांडी सरळ करत बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती. कल्याण गेलं, बदलापूर गेलं. नेरळ यायला आलं तशी ती पदराने डोळे पुसून माझ्याकडे वळली.

“घरी गेल्याव एक कार्ड लिवा. बाकी कायबी नको. नात कुनाच्या तोंडवळ्याव गेलीय, तेवढं इचारा.”