भांड्यांची समजूत काढणारे इनासकाका

इनासकाका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. माणसांची खुशाली नंतर. ओट्यावरचं एखादं पातेलं उचलायचं, खिडकीपाशी न्यायचं आणि उलटं करून त्याचं बूड बघायचं. माझ्या बहिणीने माणिकपूरला फ्लॅट घेतला, तेव्हा फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. आम्ही सगळे डोळे मिटून प्रार्थनेत. डोळे उघडले तर काका गायब. ते आत कढई हातात घेऊन उभे होते. बहीण मागे गेली, तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काय लागलं होतं गो? साखरेचा पाक?"

पाकच लागला होता. बहिणीने ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सांडोरला आमच्या आणि काकांच्या घरांच्या मध्ये एक केळीची बाग आहे, एवढंच अंतर. काकांनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, एखादं काम राहून जावं तसं. तीस वर्षं ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करायला होते. नव्या भांड्यांबद्दल त्यांना आता काडीचं प्रेम नाही. नवं भांडं चमकतंच, त्यात आपलं काय, असं त्यांचं म्हणणं. गावातली करपलेली, डागाळलेली, गंजलेली भांडी मात्र त्यांच्या विहिरीजवळच्या फणसाखाली येऊन थांबतात, दवाखान्याच्या बाकावर माणसं बसतात तशी.

काका घासत नाहीत. "घासणं म्हणजे भांडण," ते म्हणतात. "आपण समजूत काढायची." काळवंडलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी आणि लिंबाच्या साली घालून तो मंद आचेवर ठेवायचा आणि शेजारी बसून राहायचं. बिडाच्या तव्याचा गंज काढून त्याला तेलाचा हात द्यायचा, तापवायचा, पुन्हा तेल. करपलेल्या दुधाला सोडा आणि कोमट पाणी. मग वाट बघायची. वाफ केळीच्या पानांतून वर जाते, दुपारचं ऊन तिच्यात अडकून राहतं, आणि काका कुठल्या तरी दूरच्या गावाला निघून गेल्यासारखे तिच्याकडे बघत बसतात. अशा वेळी हाक मारली तर त्यांना परत यायला थोडा वेळ लागतो.

एकदा माझ्या बायकोच्या, लीनाच्या, नव्या स्टीलच्या पातेल्यावर निळे-जांभळे डाग पडले. व्हिनेगर फिरवलं की दोन मिनिटांत जातील असे डाग. काकांनी पातेलं आठ दिवस ठेवून घेतलं. लीना विचारायला गेली, तर ते पातेलं मांडीवर घेऊन उन्हात फिरवत होते. म्हणाले, "आत मोराचं पीस उतरलंय. थोडे दिवस बघू दे, मग काढतो." नॉनस्टिकचा मात्र त्यांना इलाज नाही. कोटिंग निघालेला तवा ते दोन्ही हातांनी परत करतात, मयताला आल्यासारखा चेहरा करून.

गावात आम्ही त्यांना हसायचो. मी तर ऑफिसात त्यांच्या नकला करून दाखवायचो.

चार-पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मी त्यांच्या अंगणात डोकावलो. फणसाखाली सोड्याच्या पाण्यात एक दुधाचं पातेलं भिजत होतं. काठाशी पोचा आलेलं. आमच्या पातेल्याला अगदी तसाच पोचा आहे. हे आमचं का, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, वटार गावातल्या एका बाईचं आहे. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं, पण का बोलले ते कळलं नाही. घरी येऊन पाहिलं तर आमचं पातेलं दिसेना. आईला विचारलं, तर ती म्हणाली, असेल कुठेतरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते फळीवर होतं, लख्ख.

मी विषय सोडून दिला. आमच्या घरची भांडी नेहमीच लख्ख असायची. आईच्या हाताचं मला कौतुक होतं.

पुढच्या आठवड्यात काका माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. समोरच्या खुर्चीत बसले. मग पिशवीतून तेच पातेलं काढून टेबलावर ठेवलं. आतून कोळशासारखं काळं.

तुम्ही दोघं कामाला गेलात की फिलू दूध तापत ठेवते आणि विसरते, ते सांगू लागले. फिलू म्हणजे माझी आई, फिलोमिना. दोघं गावच्या शाळेत एका वर्गात होते. आधी महिन्यातून एकदा व्हायचं, आता आठवड्यातून दोनदा. पातेलं पदराखाली घेऊन ती बागेतून त्यांच्याकडे येते. मुलाला कळलं तर तो मला चुलीपाशी उभं राहू देणार नाही, म्हणते. काकांनी कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता.

"आज तो मोडतोय," ते म्हणाले. "सकाळी सहज डोकावलो. हे करपून पडलं होतं. दुसरं पातेलं चढवलं होतं, ते उतू जाऊन ज्योत विझली होती. गॅस चालूच. ती मागे अबोली तोडत होती, गाणं म्हणत." त्यांनी पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. "भांड्याचं मी बघेन, विल्सन. तिचं तू बघ."

मला त्यांच्याकडे बघता येईना.

आईला डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार सुरू झालाय, म्हणाले. औषधं दिली आणि सांगितलं की तिची कामं एकदम काढून घेऊ नका, फक्त कुणीतरी सोबत असू द्या. ज्योत विझली की आपोआप बंद होणारी शेगडी मी आणली. लीना शाळेत शिकवते; तिने सकाळची पाळी सोडून दुपारची मागून घेतली, पण तिला ती जूनपासून मिळणार होती. तोवर सोबतीला कोण, यावर आम्ही जेवताना बोलत होतो. दुसऱ्या दिवशी साडेआठला, आम्ही निघायच्या वेळी, काका दारात उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

जून कधीच उलटला. काका अजून रोज येतात.

परवा मी रजेवर होतो. आईने मला व्हरांड्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "इनास रोज येतो, त्याला काही बोलू नको हां. घरात बोलायला माणूस नाही त्याला. म्हणून मीच बसवून घेते."

मी बरं म्हणालो. तिचं काही चुकलं होतं असंही मला वाटलं नाही.

थोड्या वेळाने आत डोकावलो. खिडकीतून केळीच्या पानांचा हिरवा उजेड ओट्यावर सांडला होता. काका स्टुलावर बसले होते आणि आई त्यांना शाळेच्या सहलीत होडी चिखलात रुतल्याची गोष्ट सांगत होती. ती गोष्ट तिने आदल्या दिवशीही सांगितली होती. त्या होडीत काकाही होते. तरी ते विचारत होते, "मग पुढे काय झालं?"

आई सांगत राहिली. शेगडीवरचं दूध कडेने थरथरलं, साय फुगत वर यायला लागली. काकांचा हात गुडघ्यावरून हलला नाही.

"फिलू," ते हळूच म्हणाले, "आलं बघ."

आईने वळून पाहिलं आणि गॅस बंद केला.