मोहितेची आपली माणसं

मोहिते ब्लॉगवरच्या कॉमेंटला उत्तर द्यायला बसण्याआधी दाढी करतो. नुसती दाढीच नाही, इस्त्रीचा शर्ट चढवतो, केसांना पाणी लावून भांग पाडतो आणि मग हॉलमधल्या खुर्चीत मोबाइल पुढ्यात धरून असा ताठ बसतो, की कुणाला वाटावं मुलगी बघायला पाहुणे आलेत. हाच माणूस एरवी दूध आणायला बनियनवर खाली उतरतो. मी एकदा त्याला म्हणालो, की अरे, ती माणसं काय तुला बघतायत? तर म्हणाला, "शिंदे, लोकं दारात आलीयत. बनियनवर कसं बोलायचं?"

माझ्या दारात तो गेली कित्येक वर्षं बनियनवरच येतो. मी काय समजायचं ते समजलो.

आम्ही दोघं तुर्भ्याच्या एकाच कंपनीत होतो. तो स्टोअरला, मी मेंटेनन्सला. त्याच्याकडून एक नट काढून घ्यायचा तर तीन सह्या लागायच्या, त्यामुळे आमची पहिली ओळख भांडणातच झाली. पुढे नेरुळला एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली, तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूने फिरायला जायचं आणि जाऊन येईपर्यंत भांडायचं, असा आमचा नेम पडला. भांडायला विषय कसलाही चालायचा. पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं, कंपनीच्या कँटीनची डाळ गोड होती की तिखट, शिरवण्याच्या बाजारात मासळी ताजी कुठल्या बाईकडे मिळते. मी काही सांगितलं की तो मान हलवून म्हणायचा, "नोंद घेतली." स्टोअरची सवय. नोंद घेतली म्हणजे त्याला ते साफ नामंजूर आहे असं समजायचं.

त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हल्ली विसरायला होतं, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाक मोहितेच करतो हेही माहीत होतं. आम्ही फिरायला जायचो तेव्हा माझी बायको सुमन वहिनींजवळ जाऊन बसायची. कशा आहेत, असं मी विचारलं तर सुमन म्हणायची, बऱ्या आहेत. मोहिते स्वतःहून कधी काही बोलला नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

ब्लॉगचं खूळ त्याच्या डोक्यात पुतणीने भरलं. ती खारघरला राहते. काका स्वयंपाक शिकले ह्याचं तिला फार कौतुक. तिने मोबाइलवर सगळं जुळवून दिलं आणि म्हणाली, रोज जे करता ते लिहीत जा. मोहिते मालाची चिठ्ठी फाडल्यासारखं लिहायला लागला. "तुरीची डाळ एक वाटी. निवडली, धुतली. कुकर जुना, शिट्टीवर भरवसा ठेवू नये." मी असलं थोडंफार वाचलं आणि सोडून दिलं. पिठलंभाताचा ब्लॉग कोण वाचणार, असा माझा अंदाज होता.

अंदाज साफ चुकला. पोस्टच्या खाली कॉमेंटांचा आकडा दिसायचा आणि तो वाढतच चाललेला असायचा. कॉमेंटांत काय आहे ते मी कधी वाचलं नाही. माझ्याने तो आकडाच बघवत नव्हता.

आणि मग मोहितेच्या तोंडी "आपल्या" हा शब्द आला. आपल्या नागपूरच्या ताई. आपले इचलकरंजीचे पाटील. आपल्या मस्कतच्या मॅडम. यांपैकी एकालाही त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या बाथरूममध्ये गळायला लागलं तेव्हा मी, ज्याचा सगळा जन्म पाइप जोडण्यात गेला, मोहितेच्या बरोबर पायाखाली राहत होतो. ते पाणी माझ्याच घरात गळत होतं. मी सांगितलं, कोपऱ्यातला जॉइंट उघड. तो म्हणाला, "आपले पाटील म्हणतात, आधी टाइल्सच्या फटी भरून बघा." इचलकरंजीला बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून नेरुळच्या फटी भरल्या गेल्या. गळती कोपऱ्यातल्या जॉइंटलाच होती. ते सिद्ध झालं तेव्हा मला म्हणाला, नोंद घेतली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर बोलणं चाललं असताना हा उभा राहिला आणि म्हणाला, आपल्या मस्कतच्या मॅडमचं मत टाकी गच्चीवरच असावी असं आहे. सेक्रेटरीने ते मिनिट्समध्ये लिहूनसुद्धा घेतलं. मी मस्कतला विरोध केला म्हणून मोहिते माझ्याशी जाताना लिफ्टमध्ये बोलला नाही.

मग मीही ब्लॉग काढला. हो, काढला. जळून काढला. विषय घेतला पंपाची निगा, सगळा जन्म त्यात गेलेला, लिहायला मटेरियल भरपूर. पहिली कॉमेंट आली तेव्हा मी सुमनला हाक मारून बोलावलं. ती कॉमेंट कर्ज देणाऱ्या कुणाचीतरी होती. दुसरी टाइल्सवाल्याची. तिसरी आलीच नाही.

अशा मनःस्थितीत एका दुपारी मी मोहितेची भेंडीच्या भाजीची पोस्ट उघडली. स्पष्टच सांगतो, चुका काढायला उघडली. संध्याकाळी ऐकवायला काहीतरी हवं होतं. म्हणून पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

"भेंडी अगदी बारीक चिरावी," असं त्याने लिहिलं होतं. "ती चावायचं विसरते, घास तोंडात धरून बसते. मग मी समोर बसून चावून दाखवतो. आज पूर्ण जेवली. जेवण झाल्यावर तिने विचारलं, तुम्ही या हॉटेलात कधीपासून आहात? मी म्हटलं, लग्न झाल्यापासून. ती म्हणाली, भाजी चांगली होती."

मी मोबाइल खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं. आणि नंतर जे मनात आलं ते असं, की हे त्याने नागपूरला सांगितलं, इचलकरंजीला सांगितलं, मस्कतला सांगितलं, आणि खालच्या मजल्यावर मला सांगितलं नाही. दुःख झालं म्हणण्यापेक्षा संताप झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन सुमनला विचारलं, वहिनी मोहितेला ओळखत नाहीत हे तुला माहीत होतं का? ती कणीक मळत होती. म्हणाली, रोज जाऊन बसते तिथं, मला नाही माहीत असणार? मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "भावोजीच म्हणाले, शिंदेला सांगू नका म्हणून."

म्हणजे माझी बायकोसुद्धा त्या आपल्या माणसांत जमा. उरलो मी एकटा.

मी ठरवलं, या लोकांना मागे टाकायचं. दूरवर बसून जर ती मंडळी एवढा धीर देत असतील, तर मी शेजारी चालत किती देऊ शकेन? त्याच संध्याकाळी खाडीवर मी सुरुवात केली. वहिनींना झोप लागते का? औषध कुठलं चालू आहे? तुला ओळखतात का? मोहिते एकदम थांबला. माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं आणि चालायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. दोघांनाही ते जड गेलं.

मी नेट धरला. रोज नवीन काहीतरी नेत होतो. ब्राह्मीचं तेल, पेपरातली कात्रणं, पनवेलच्या एका डॉक्टरचं नाव. भरतीओहोटीचा विषय त्याने काढला तरी मी म्हणायचो, ते राहू दे, आज वहिनी जेवल्या का? तो म्हणायचा, नोंद घेतली. मग तेही म्हणेनासा झाला. मग त्याचा गुडघा दुखायला लागला. मग पुतणी येणार होती. मग नुसतंच, आज नको.

मी एकटा जायला लागलो. एकट्याने फिरताना मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचो आणि दरवेळी जिंकायचो, त्यात काही राम नव्हता. सुमन त्या वेळातही वर जाऊन बसायची. एकदा येऊन म्हणाली, भावोजी आता फिरायच्या वेळेला गॅलरीत उभे असतात. मला वाटलं, बरोबर आहे, नागपूरशी बोलत असेल.

एके सकाळी बेल वाजली. दारात मोहिते उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्या दारात, इस्त्रीच्या शर्टात. आपल्या नागपूरच्या ताई मुलाकडे खारघरला आल्यात, आज भेटायला येतायत, सीवूड्स स्टेशनला उतरतील, मला हिला सोडून जाता येत नाही, तर तू आणशील का, असं त्याने विचारलं. "जमलं तर," असंही वर म्हणाला.

मी गेलो. ज्या बाईने माझा मित्र नेला तिचं तोंड तरी बघावं म्हणून गेलो. मॉलच्या बाजूला एक ठेंगण्या बाई कापडी पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. मी नाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्ही शिंदे नं? ते सगळं चुकीचं सांगणारे?"

मी रिक्षा थांबवली. वाटेत त्या सांगायला लागल्या. मोहिते कॉमेंटांच्या उत्तरात रोज माझ्यावर लिहायचा. आज शिंदे म्हणाला डाळ तिखट होती, काय कळतं त्याला. आज शिंदे ओहोटीला भरती म्हणाला. दुपारभर ही मंडळी एकमेकांची दुखणी ऐकायची, पाटलांची आई, मस्कतच्या मॅडमचे वडील, ताईंचे यजमान, सगळ्या घरांत हेच विसरणं. आणि संध्याकाळ झाली की सगळे वाट बघायचे, मोहिते आज काय भांडून आले. ताईंचे यजमान मागच्याच वर्षी गेले. तरी त्या रोज यायच्याच ब्लॉगवर.

"मग बंदच झालं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, काहो, शिंदे गावाला गेले का? तर म्हणाले, त्यालाही कळलं, आता तोही हिच्याबद्दलच विचारतो." त्यांनी पिशवी नीट मांडीवर घेतली. "आमच्याजवळ ते रडायला येतात, भाऊ. तुमच्याजवळ भांडायला येत होते. तेवढाच एक तास घरात आजारपण नव्हतं. तुम्हीही तेच विचारून राहिले, तर त्यांनी जावं कुठं? आम्हाला तर तुमचा हेवा वाटे. आमच्यातल्या एकाकडेही असा माणूस नाही."

मी रिक्षावाल्याला उगाचच डावीकडे घे म्हणालो, तो म्हणाला रस्ता उजवीकडे आहे.

वर गेल्यावर ताई थेट वहिनींजवळ जाऊन बसल्या. वहिनींनी त्यांचा हात धरला आणि किती दिवसांनी आलीस म्हणून लटक्या रागाने बघितलं. मोहिते चहाचा ट्रे घेऊन दारात तसाच उभा राहिला. वहिनी कुणाकडे तरी ओळखीचं हसल्या, हे त्याने किती दिवसांनी बघितलं असेल कोण जाणे. ताईंनी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली, सगळ्यांना चाखायला दिली. दुपार उतरायला लागली तशा त्या निघाल्या. त्यांना रिक्षात बसवून मी परत वर आलो. सुमन वहिनींची वेणी घालत होती.

मोहिते खुर्चीत बसला होता. मी दारातूनच म्हणालो, "तुझ्या ताईंचा ठेचा काही खास नाही. मीठ जास्त आहे."

त्याने वर बघितलं. "मीठ जास्त?"

"आणि तिखट कमी. आमच्या साताऱ्याकडे असला ठेचा लहान पोरांना देतात."

"चप्पल घाल," तो म्हणाला. "चल खाली. तुला ठेचा म्हणजे काय ते सांगतो."

खाडीपर्यंत त्याने मला मिरचीची जात सांगितली. मी ऐकून घेतलं नाही. परतताना त्याने माझ्या तोंडाची चव, माझा सातारा आणि माझी समज, सगळं काढलं. खरं तर ठेचा उत्तम होता, माझ्या घशाला अजून जाळ होत होता. आणि मला त्या लोकांचा हेवा अजूनही वाटतो. मोहितेचं रडणं त्यांच्या वाट्याला जातं आणि मला त्यातलं कधीही काही मिळणार नाही, हे मला आवडलेलं नाही. पण ते मी त्याला विचारणार नाही.

बिल्डिंगच्या गेटशी आल्यावर तो बोलता बोलता थांबला. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घरात दिवा लागला होता. तो वर बघत राहिला. चेहऱ्यावरून भांडण हळूहळू उतरून गेलं. मी खिशातून फोन काढला आणि सुमनला म्हणालो, अजून थोडा वेळ बसशील? ती बसते म्हणाली.

"लसूणही जास्त होता," मी म्हणालो.

"लसूण?" मोहिते म्हणाला, आणि पुन्हा खाडीच्या दिशेने वळला.