दातारकाका झोपेच्या परीक्षेला बसतात

दातारकाका कुठेही झोपू शकतात. फक्त झोपलो होतो हे कबूल करू शकत नाहीत. गेल्या गणपतीत मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मी वार्षिक अहवाल वाचत होतो. पहिल्या रांगेतून असा काही आवाज सुरू झाला की मागची मुलं एसीकडे बघायला लागली. मग तो एकदम थांबला. बराच वेळ काहीच नाही. मीही वाचायचा थांबलो. मोठा गचका देऊन काका पुन्हा सुरू झाले, तेव्हा अख्ख्या हॉलने श्वास सोडला. माझ्या वाचनाला आमच्या या शुगर लँड गावात इतका सस्पेन्स कधी लाभला नव्हता.

"काका, झोप लागली होती का?"

"झोपलो नव्हतो. रिव्ह्यू चालू होता."

जन्मभर तेलकंपन्यांसाठी कॉम्प्रेसर बसवलेला हा माणूस आता जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत आणि एकदा तर सिग्नललाही रिव्ह्यू करत होता. त्या सिग्नलनंतर मी त्यांची किल्ली मागून घेतली आणि शेजारी होतो तो ड्रायव्हर झालो. पूर्वी मालतीकाकू त्यांना कोपर मारून जागं करायच्या. दोन वर्षांपासून काकूंना विसरायला होतं. आधी नावं गेली, मग गॅस बंद करणं, आता कोपरही.

शेवटी घरी करायची स्लीप टेस्ट मिळाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि झोपायचं, एवढंच. रिपोर्ट ऐकायला मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर म्हणजे आमच्याच मंडळात लहानाची मोठी झालेली अनघा. तिने दोनदा स्क्रीनकडे पाहिलं.

"काका, यू डिडन्ट स्लीप ॲट ऑल?"

"अजिबात नाही. टेस्ट म्हटल्यावर झोपतं का कुणी? थर्मास भरून चहा घेऊन बसलो. एकही श्वास चुकू दिला नाही."

मला यात काही गैर वाटेना. मी स्वतः ब्लडप्रेशर मोजायच्या आदल्या दिवशी मीठ सोडतो.

दुसऱ्यांदा मात्र त्यांनी झोपून टेस्ट दिली. श्वास रात्रभर थांबत होता. "रीचेकिंगला टाक," काका म्हणाले. अनघाने मास्क आणि हवेचं मशीन लिहून दिलं.

"नाकावर कॉम्प्रेसर? अगं, मी ते पाइपलाइनला लावायचो."

अनघा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "काका, झोपेत तुमचा ऑक्सिजन सारखा ड्रॉप होतो. ब्रेनला ते चांगलं नाही. अशा लोकांमध्ये पुढे डिमेन्शियाचा रिस्क जास्त दिसतो. मशीनने तो टळेलच असं प्रॉमिस मी नाही करत. बट इट मे हेल्प."

काकांनी रीचेकिंगचं नाव काढलं नाही. परतताना फ्रीवेवर ते चक्क जागे होते. आमची एक्झिट आली तेव्हा बोलले.

"मालती रोज संध्याकाळी विचारते, माझी शाळा कुठली, आईचं नाव काय, आपलं लग्न कुठे झालं. मी सांगतो. मीच विसरलो तर तिने कुणाला विचारायचं रे?"

मी ब्लिंकर लावला.

यंदाचा अहवाल काकांनी पूर्ण जागेपणी ऐकला आणि त्यात चार चुका काढल्या. झोपायचे तेच बरं होतं.

परवा सकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. मास्क धुऊन सिंकपाशी वाळत टांगला होता. काकूंनी तो बोटाने हलवून पाहिला.

"अहो, हे काय?"

हा प्रश्न रोज येतो, हे मला ठाऊक आहे. काकांनी मात्र तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कप खाली ठेवला.

"माझा मास्क. रात्री लावून झोपतो. डोकं शाबूत राहावं म्हणून."

"एवढं काय आहे तुमच्या डोक्यात?"

"तुझं बरंच सामान आहे."

काकूंनी जरा विचार केला. मग मास्कची गुंतलेली नळी सोडवून नीट सरळ केली.

"मग लावत जा हं," त्या म्हणाल्या. "विसरू नका."