मावशीसाठी पाच चित्रपट

मावशीने यादी मागितली तेव्हा सगळ्यात भयानक चित्रपट पहिल्या नंबरवर टाकायचं मी ठरवलं. मी केलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. डॉक्टरांनी लिहिलेली जी अक्षरं डॉक्टरांनाही वाचता येत नाहीत, ती तिला वाचता येतात. सहा वर्षं ती आमच्याकडे, माझ्या खोलीत राहते. मी शाळेत फारशी बोलत नाही. (प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'वर्गात बोलत नाही' असा शेरा असतो. शेजारच्या मुलीच्या पुस्तकावर 'वर्गात बोलते' असा असतो. बाईंना नक्की काय हवंय ते कळत नाही.) दिवसभराचं साठलेलं सगळं मी संध्याकाळी मावशीजवळ बोलते. त्यातलं निम्मं माझ्या आवडत्या दिग्दर्शकाबद्दल असतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कुणालाच नीट उच्चारता येत नाही, मलाही नाही. तो फक्त रहस्यपट करतो. त्याचे नऊच्या नऊ चित्रपट मी किमान चार वेळा पाहिलेत आणि वहीत प्रत्येकाला भीती, संशय आणि शेवट असे वेगवेगळे गुण दिलेत. ती वही आजवर कुणीही मागितली नव्हती.

मग मावशीच्या दुकानात एक चष्मेवाले आले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. एका आठवड्यात त्यांनी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या त्याच बाटल्या चार वेळा नेल्या. पाचव्यांदा ते आमच्या घरी आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मावशी एकोणचाळीस वर्षांची आणि ते त्रेचाळीस. दोघं हॉलमध्ये असे बसले होते, जणू आतून कुणीतरी नंबर पुकारणार आहे.

शेवटी चष्मेवाले म्हणाले, "चित्रपट बघता का?"

"रहस्यपट," मावशी म्हणाली. "मला फार आवडतात."

(सहा वर्षांत मावशीने एकाच रहस्यपटाची अकरा मिनिटं पाहिली होती आणि मग उठून दाराची कडी तपासायला गेली होती.)

"मलाही," चष्मेवाले म्हणाले.

दर रविवारी चार वाजता आमच्या घरी एक चित्रपट बघायचं ठरलं. ते गेल्यावर मावशीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मला पाच नावं दे. तुझ्या त्या माणसाची. चांगली दे हं, माझी अब्रू आहे त्यात."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी वही मागत होतं. एरवी मी आनंदाने नाचले असते. पण मावशीचा चेहरा असा उजळला होता, की ती आता जाणार हे मला एकदम कळलं. खिडकीजवळची तिची कॉट रिकामी होणार. मग मी बोलायचं कुणाशी? मी वही उघडली आणि नवख्या माणसाला कधीच दाखवू नये असा चित्रपट सगळ्यात वर लिहिला.

पहिल्या रविवारी आभाळ भरून आलं होतं आणि हॉलमध्ये चार वाजताच दिवा लावावा लागला. मी नेहमीसारखी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चित्रपटातला नवरदेव फार सभ्य होता आणि त्याच्या बायका एकेक करून नाहीशा होत होत्या. चष्मेवाल्यांनी सुरुवातीलाच चष्मा काढून पुसला आणि हातात धरून ठेवला. कामात मुरलेला माणूस, असं मला वाटलं.

तिसरी बायको तळघरात उतरली तेव्हा आई डोकावली.

"लग्न ठरू घातलंय आणि तू त्यांना हे दाखवतेस?"

"आई, हा त्याचा सगळ्यात नावाजलेला आहे."

"नावाजणाऱ्यांची लग्नं झालेली असतील."

"मला आवडला, ताई," मावशी म्हणाली. तिचा आवाज तळघरातून आल्यासारखा येत होता.

"छान आहे," चष्मेवाले म्हणाले.

दुसऱ्या रविवारचा चित्रपट एका नर्सबद्दल होता. ती घरी आलेल्या पाहुण्यांना चहातून विष देते. (मावशी औषधाच्या दुकानात काम करते हे मी विसरले होते, असं म्हणायची सोय नाही.) मध्यंतरात मावशी चहा घेऊन आली. चष्मेवाल्यांनी कप हातात घेतला, त्यात बघितलं, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी तो घोटही घेतला नाही. चहावर साय धरली. आई समोर उभी राहून त्या सायीकडे बघत होती.

ते गेल्यावर आई म्हणाली, "चहा टाकून जाणारा माणूस परत येत नसतो."

"गरम असेल, ताई."

"पाऊण तास?"

चौथ्या रविवारी सकाळीच निरोप आला, दुकानात काम आहे, येता येत नाही. जुना टूथब्रश घेऊन मावशीने न्हाणीघरातली एकेक फरशी घासायला घेतली. दुपारभर तो खसखस आवाज घरात येत राहिला. माझं काम झालं होतं. मला जिंकायची सवय नाही, त्यामुळे असेल, पण वही उघडावीशी वाटेना. संध्याकाळी मी तिच्या कॉटवर जाऊन बसले तर ती म्हणाली, "आज नको गं. डोकं दुखतंय." म्हणजे ती कुठेही गेली नव्हती आणि तरी माझ्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी चष्म्याच्या दुकानात गेले. भिंतीभर फ्रेम लावलेल्या होत्या. शेकडो चष्मे माझ्याकडे बघत होते आणि एकाच्याही मागे डोळे नव्हते. चष्मेवाले मला बघून उठून उभे राहिले.

"या," ते म्हणाले. ते मलाही अहो-जाहो करतात. "डोळे तपासायचेत?"

मला कबुलीजबाब द्यायचा होता. तोंडातून निघालं, "हो."

त्यांनी दिवा मालवला, माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि काचा बदलू लागले.

"आता स्पष्ट दिसतं, की मघाशी?"

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून मला धीर आला. "मी मुद्दाम भयानक चित्रपट लावले," मी यंत्राला सांगितलं. "तुम्ही घाबरून लग्न मोडावं म्हणून. चहात काही नव्हतं. मावशी विष देणारी नाही."

मग काच खटकन बदलली.

"आता, की मघाशी?"

"मघाशी."

"मी त्यातला एकही चित्रपट पाहिला नाही," ते म्हणाले. "मला रक्त बघवत नाही. चष्मा काढला की समोर नुसते रंग हलतात. लाल जास्त झालं की समजायचं, कुणीतरी गेलं."

"मग रहस्यपट आवडतात असं का म्हणालात?"

"तुमच्या मावशींना आवडतात ना."

"तिला अजिबात आवडत नाहीत! ती टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे बघत बसते."

चष्मेवाल्यांनी दिवा लावला आणि स्टुलावर बसले. त्यांना हसू येत होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नसावं.

"आणि चहा?"

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय. त्या कपात तीन चमचे तरी असेल. पहिल्या दिवशी बोललो नाही, मग बोलायचं राहूनच गेलं. आणि तुमच्या आई कपाकडे अशा बघायच्या, की काल यायची हिंमतच झाली नाही."

"मावशीला सांगा."

"तुम्हीच सांगता का?"

"मी बोलत नाही."

"मीही नाही," ते उदासपणे म्हणाले.

मग त्यांनी माझ्या डोळ्यांच्या नंबरचं कार्ड लिहायला घेतलं. डावा उणे अडीच, उजवा उणे पावणेतीन. त्याखाली त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड घडी घालून दिलं.

"तुम्ही तिला घेऊन जाणार," मी दारातून म्हणाले.

"हो. पण दोनच गल्ल्या. माझ्याकडे टीव्ही मोठा आहे."

दोन गल्ल्या दूर नाहीत, हे मलाही कळतं. पण दोन गल्ल्यांपलीकडून कुणी कुशीवर वळून "झोपलीस का गं?" असं विचारत नाही. तरी मी कार्ड मावशीच्या हातात दिलं. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी बाई ती, सवयीने सगळं मोठ्याने वाचत गेली. "डावा उणे अडीच, उजवा उणे पावणेतीन. चहा बिनसाखरेचा. रहस्यपट जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कधीच नको." मग तिने कार्ड तोंडावर धरलं. ती हसतेय की रडतेय हे मला ओळखता आलं नाही.

लग्नाची दोन महिन्यांनंतरची तारीख ठरली. माझा पहिला चष्मा तयार झाला. यादीतले दोन चित्रपट राहिले होते; भयानक होता तो मी खोडला, मग एकच उरला. माझ्या वहीत शेवटाला दहापैकी दहा मिळालेला तो एकमेव. त्यात भयानक काहीच नाही, फक्त रहस्य आहे. मावशी जायच्या आधी तिला माझ्याकडून एक तरी चांगली गोष्ट मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. रविवारी मी त्या दोघांसमोर उभी राहिले आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"आज रक्त नाही. चष्मा घालून बघा. भिंतीकडे बघायचं नाही. खून कुणी केला ते शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत जगात कुणालाही कळत नाही."

मी दिवा बंद केला, नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. चित्रपट सुरू झाला. नायिका पत्र लिहीत होती. तिच्यामागे खिडकी होती. खिडकीबाहेर, काचेला नाक लावून, हातात सुरी घेऊन, खुनी उभा होता.

मी ओरडले. चित्रपट थांबवला.

"हा इथे कसा?"

"मघापासून आहे की," मावशी म्हणाली.

"चांगला ठसठशीत आहे," चष्मेवाले म्हणाले.

"पण हा चित्रपट मी सहा वेळा पाहिलाय! तिथे खिडकीला पडदा होता. पडद्यावर फुलं होती!"

"फुलं नाहीत गं, तो त्याचा शर्ट आहे," आई आतून म्हणाली. "दर वेळी उभा असतो तिथे."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तूच बजावतेस ना, कुणी शेवट सांगायचा नाही."

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती, पण विचारली नाही. आईने आमचा टीव्ही आजवर कधी हॉलमध्ये बसून पाहिलेलाच नाही. तिला तो खुनी सहाही वेळा स्वयंपाकघरातून दिसला होता, भांडी घासता घासता.