लालीबाई बोटीत बसते

रविवारी सकाळी दहा वाजता बोट बुडाली, तेव्हा तिच्यातला नळ एक थेंबही गळत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळेजण नळालाच दोष देणार आहेत.

बोट उत्तमसिंग राठोडची. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं पाने फिरवून तो निवृत्त झाला, तांड्यावर परतला आणि तांड्यामागच्या तलावाकडे बघत महिनाभर नुसता बसून राहिला. मग एका कॅलेंडरवर त्याला शिडाची बोट दिसली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून पत्रा कापून आणला, तलावाच्या काठावर वेल्डिंग केलं. शीड शिवलं ते कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. वारा भरला की आकाशात अर्धा हसरा चेहरा आणि ‘हार्दिक शु’ एवढं दिसायचं. वारा एकाच बाजूला वाहायचा, म्हणून जाताना शीड आणि येताना बांबू, अशी पद्धत पडली. बोटीत पुढच्या बाजूला पत्र्याची खोली, तिच्यात गॅसची शेगडी, स्टीलचं सिंक, वर पाण्याचा ड्रम आणि ड्रमाला नळ. दारव्ह्याकडून लोक यायचे, चहा-भजी खाऊन जायचे.

त्यानं ती बांधली होती लालीबाईसाठी. लग्न झाल्यापासून तिनं दोन मैलांवरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलं. दिवसाला तीन खेपा. ‘आता तिला पाण्यावरून फिरवायचं,’ असं त्यानं अख्ख्या तांड्याला सांगितलं. अख्खा तांडा बोटीत बसून आला. लालीबाई तेवढी बसली नाही.

“नळ गळते,” ती काठावरूनच म्हणाली होती.

“तलावातच जाते नं ते पाणी.”

“जिनं डोक्यावर आणलं तिले इचारा. एक थेंब बी वाया गेला त मले आतून कसंतरी होते. नळ नीट करा, मंग बसते.”

“उद्या करतो.”

हे तीन वर्षांपूर्वीचं.

“नळ?”
“उद्या.”
“नळ?”
“सोयाबीन निघू दे.”
“नळ?”
“अवं, पाहुणे येऊन राह्यले, चहा कोण करन?”
“नळ?”
“दारव्ह्याले गेलतो, पण दुकान बंद होतं.”

दुकान उघडंच होतं. तो मित्राबरोबर हॉटेलात बसला होता. असं निदान चार वेळा झालं, आणि चारही वेळा लालीबाईनं फक्त “बरं” म्हटलं. त्या ‘बरं’चं त्याला तेव्हा काही वाटलं नाही.

या एप्रिलात मात्र तिचे गुडघे पार गेले. मुलगी रंजिता आणि जावई बादल तिला न्यायला पुण्याहून आले. ऑपरेशन, मग दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग वर्षभर जिना नाही, उतार नाही, चिखल नाही. गाडी सोमवारी पहाटेची. शुक्रवारी बायकोची पिशवी भरलेली पाहिली आणि उत्तमसिंगची नजर तलावाकडे गेली. तलावाचा काठ म्हणजे नुसता उतार आणि चिखल.

“रविवारी बसशीन का बोटीत?” त्यानं विचारलं.

लालीबाई घडी घालता घालता थांबली. “नळ?”

“उद्या,” तो म्हणाला, आणि या वेळी खरंच गेला.

शनिवारी सकाळी जीपमध्ये मागे लटकून तो दारव्ह्याला पोचला. हार्डवेअरच्या दुकानात प्रभावतीबाई गल्ल्यावर होत्या.

“नळ पाह्यजे.”

“किचनचा का बाथरूमचा?”

“बोटीचा.”

प्रभावतीबाईंनी चष्मा वर केला. “बोटीले काय झालं?”

“नळ गळून राह्यला.”

“मंग गळू द्या नं, भाऊ. खाली तलावच हाय.”

तीन वर्षं स्वतःच दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना उत्तमसिंगला ते फार मूर्खपणाचं वाटलं. “घरचं माणूस बसत नाई त्याच्यापायी,” तो म्हणाला.

“अस्सं. साधा नळ सोमवारी येईन. आज हा हाय.” त्यांनी काउंटरवर बगळ्यासारख्या लांब मानेचा एक चकाकता नळ ठेवला. “पुण्या-मुंबईचे लोक हाच लावतात.”

सोमवारचा उपयोग नव्हता. त्यानं बगळा उचलला.

पुढचं सगळं अगदी तर्काला धरून झालं. जुना नळ फिरवला तर तो अर्धाच निघाला, अर्धा ड्रमाच्या तोंडात राहिला. तो काढताना ड्रम फुटला. शेजारून दुसरा ड्रम आणला, तो उंचीला मोठा निघाला, छपराला अडला, म्हणून खाली घ्यावा लागला. मोठा ड्रम, त्याला लांब मानेचा नळ. नळाचं तोंड थेट सिंकच्या बुडाला टेकलं. तेव्हा सिंक एक वीत खाली घेतलं. सिंक खाली आलं तर सांडपाण्याचा पाइप उलटा चढायला लागला. मग पाइपासाठी बोटीच्या कुशीत खाली नवं भोक पाडलं आणि वरचं जुनं भोक इतकं सुबक बुजवलं, की वर्कशॉपमधल्या साहेबांनी पाठ थोपटली असती. नवं भोक पाण्यापासून चांगलं चार बोटं वर होतं. फक्त ते पाइपापेक्षा जरा मोठं पडलं. फट भरायला हाताशी काही नव्हतं. घरात गादीसाठी काढून ठेवलेला कापूस मात्र होता. यवतमाळ जिल्ह्यात माणसाला कुठलीही फट दिसली की हात कापसाकडेच जातो. त्यानं मूठभर कापूस ठासला आणि वरून सफेदा फासला.

दिवस मावळताना त्यानं नळ उघडला, बंद केला. थेंब नाही. पाच मिनिटं थांबला. थेंब नाही. इतकं सोपं होतं तर. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो सिंकपाशी बसून राहिला. एका दिवसाचं काम आपण तीन वर्षं पुढे ढकललं, आणि त्या तीन वर्षांत तिचे गुडघे संपले.

रविवारी तांडा काठावर जमला. लालीबाई बोटीत बसणार, ही काही लहान गोष्ट नव्हती. तांड्याचे म्होरके, ऐंशी वर्षांचे नेमसिंग नायक, पागोटं बांधून आले. रंजिता आणि बादलनं दोन्ही बाजूंनी धरून लालीबाईला बोटीत चढवलं. ती थेट नळाशी गेली, त्याच्याखाली तळहात धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. हात कोरडा.

“नाई गळत,” ती हळू आवाजात म्हणाली.

“मंग? सांगतलं होतं नं?”

“हो. सांगतलं होतं.” ती बाकावर बसली आणि तिनं शिडाचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला.

ती बसली म्हटल्यावर नायकांसकट आणखी आठ माणसं बसली. एरवी उत्तमसिंग पाचाच्या वर घेत नसे. पण आज कोणाला नाही म्हणणार? बोट जरा खाली दबली. जरा म्हणजे चार बोटं.

काठापासून पन्नास पावलं गेल्यावर बादल म्हणाला, “मामाजी, मोजे ओले झाले.”

“चढताना झाले असतीन.”

“नाही, आता होत आहेत.”

सगळ्यांनी नळाकडे पाहिलं. “मी त म्हणूनच राह्यलो होतो,” नायक म्हणाले, “चमकणारा नळ टिकत नाई.” उत्तमसिंगनं नळ कोरडा असल्याचं दाखवलं. नायकांनी स्वतः येऊन नळाला बोट लावलं, मग कान लावला. एकानं नळ गच्च आवळायचा सल्ला दिला, दुसऱ्यानं सैल करायचा. रंजितानं ड्रमाचं झाकण उघडून आत पाहिलं. ही तपासणी होईपर्यंत पाणी घोट्यापर्यंत आलं, आणि मग सिंकखालून पांढऱ्या कापसाचा एक बोळा शांतपणे तरंगत बाहेर आला आणि नायकांच्या पायाशी थांबला.

“हे काय व्हय?” नायकांनी विचारलं.

उत्तमसिंगनं बोळा उचलून खिशात घातला.

एप्रिलातला तलाव, पाणी कमरेएवढं. बोट काही घाई न करता खाली गेली, बुड चिखलात टेकलं आणि थांबली. शिडावरचा अर्धा नेता हसतच होता. माणसं एकेक करून उतरली आणि धोतरं-पँटी सावरत काठाकडे चालू लागली. नायकांनी पागोटं डोक्यावर घट्ट धरलं होतं. बादल आणि रंजितानं लालीबाईला उचलून पत्र्याच्या खोलीच्या छपरावर बसवलं आणि खाट आणायला काठाकडे गेले. खाटेवरून तिला न्यायचं होतं.

उत्तमसिंग कमरेएवढ्या पाण्यात, छपराला धरून उभा राहिला.

“लाली, चुकलं माह्यं. पह्यल्याच दिवशी नळ बदलला असता त तू तीन वर्षं फिरली असती.”

लालीबाईनं पदराचं ओलं टोक पिळलं. मग म्हणाली, “नसती फिरली.”

“काहून?”

“मले पाण्याचं भेव वाटते.”

“तुले? जन्मभर पाणी भरलं तू.”

“म्हणूनच त. रोज वाकून पाह्यत जाओ मी विहिरीत. खाली काळं काळं दिसे. पण पाणी त आणाच लागे.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“तुम्ही साऱ्या तांड्याले सांगून ठेवलं होतं, लालीसाठी बोट बांधून राह्यलो म्हणून. आता लालीनं नाई कसं म्हणाव? नळ गळे, त तेवढाच आधार होता. काल तुम्ही नळ आणाले गेले, तवापासून माह्या पोटात अन्नाचा कण नाई.”

उत्तमसिंगला पत्रा आठवला, वेल्डिंग आठवलं, फ्लेक्स मागायला घातलेल्या खेपा आठवल्या. तलावाच्या लांबी-रुंदीपासून वाऱ्यापर्यंत त्यानं चौकशी केली होती. नायकांना विचारलं होतं, वेल्डरला विचारलं होतं, प्रभावतीबाईंनाही विचारलं. जिच्यासाठी बोट, तिला एकदाही विचारलं नव्हतं. आणि उद्या पहाटे गाडी.

“आता बी भेव वाटून राह्यलं का?” त्यानं विचारलं.

लालीबाईनं वाकून खाली पाहिलं. उत्तमसिंगचं पोट दिसत होतं, त्याच्याखाली गढूळ पाणी, आणि पाण्याखाली चिखलात रुतलेली बोट.

“नाई,” ती जरा नवलानं म्हणाली. “आता नाई. ह्ये हालत नाई.”

तिनं सरकून बाजूला जागा केली. उत्तमसिंग कसाबसा वर चढला आणि ओल्या कपड्यांनिशी तिच्याशेजारी बसला. वाऱ्यानं शीड फुगलं. बोट जागची हलली नाही. समोर तलावाचं सगळं पाणी उन्हात पसरलं होतं, आणि ते असं मधोमध बसून बघायला बरं वाटतं, हे दोघांनाही आताच कळत होतं.

काठावर खाट आली होती. रंजितानं तोंडाशी हात धरून आईला हाक मारली, “याडी, आणू का खाट?”

“थांब वं,” लालीबाईनं ओरडून सांगितलं. “आमी फिरून राह्यलो.”