कॉफीपुडीचं अर्थशास्त्र

"अप्पा, स्वल्प हसा की! तेराव्याला बसल्यासारखं तोंड केलंयत," मोबाइलच्या मागून त्यांची लेक आश्लेषा म्हणाली.

"अर्थशास्त्र शिकवतोय मी. त्यात हसण्यासारखं काय आहे?" दयानंदरावांनी गळ्याशी आलेली कोटाची कॉलर खाली ओढली. कोट त्यांच्या लग्नातला होता. शिवला तेव्हा तो त्यांच्या मापाचा होता, आता श्वास आत ओढून धरला तरच बसायचा. त्यामुळे चेहऱ्यावर आलेलं गांभीर्य काही सगळंच अर्थशास्त्राचं नव्हतं.

शनिवारची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरात ओट्यापुढे खुर्ची मांडून आणि समोर कॉफीचा डबा ठेवून ते बसले होते. ही वेळ त्यांच्यावर आणली होती वाणी मॅडमनी.

चामराजपेटेतल्या शाळेत दयानंदराव इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होते, ते आश्लेषाचा जन्म व्हायच्याही आधीपासून. यंदा वाणी मॅडम मुख्याध्यापिका होऊन आल्या आणि त्यांनी इतिहास, कला, विज्ञान, अर्थशास्त्र अशा सगळ्या विषयांचे तयार व्हिडिओ विकत घेऊन वर्गावर्गात पडदे लावले. चित्रकलेच्या बाईंना ही पद्धत फारच मानवली. अंधार केल्यामुळे त्यांची दुपारची झोप नीट व्हायला लागली. दयानंदरावांनी इतिहासाच्या तासाला देवनहळ्ळीच्या किल्ल्याचा व्हिडिओ लावला, तर त्यात किल्ला थोडा आणि त्याच्यावरून भिरभिरणारा कॅमेराच जास्त. शेवटी त्यांनी मुलांना विचारलं, "काही शंका?" एकाच मुलाने हात वर केला. "सर, तो उडणारा कॅमेरा कुठे मिळतो?"

व्हिडिओच शिकवणार असतील तर त्या तासांना वेगळा शिक्षक कशाला, अशी कुजबुज मग स्टाफरूममध्ये सुरू झाली. दयानंदराव ताडकन मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मॅडम, माझा व्हिडिओ मीच करतो. तो बघा आणि मग काय ते ठरवा."

"सरी, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "सोमवारी बघू."

म्हणून हा कोट आणि म्हणून हा कॉफीचा डबा. विषय होता मागणी आणि पुरवठा. दयानंदरावांनी घसा खाकरला आणि शाळेतल्यासारख्या स्वच्छ कन्नडमधून सुरुवात केली, "समजा, उद्यापासून आपल्या चामराजपेटेत कॉफीची पूड मिळणार नाही. तर काय होईल?" मग लोक जास्त पूड का घेतील, पूड कमी का पडेल, भाव का चढतील, हे त्यांनी इतकं तपशीलवार सांगितलं की ओट्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या, अलकाबाईंच्या हातून दूध उतू गेलं.

आश्लेषा इंदिरानगरच्या एका कंपनीत जाहिरातींचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. तिने जेवणं होईपर्यंत वडिलांचा धडा कापून, शिवून, इस्त्री करून तयार केला. दयानंदराव चष्मा लावून बघायला बसले. पडद्यावर कोटातला एक गंभीर माणूस आला आणि म्हणाला, "उद्यापासून आपल्या चामराजपेटेत कॉफीची पूड मिळणार नाही." मागे 'धाड्' असा आवाज झाला.

"अगं, 'समजा' कुठं गेलं?"

"ते शेवटाला नेलंय, अप्पा. 'घाबरू नका, हे नुसतं उदाहरण आहे,' असं तुम्ही म्हणता ना, त्याच्या जोडीला. पहिल्या वाक्यालाच बॉम्ब पडायला पाहिजे. नाहीतर लोक पुढं सरकतात."

"वर्गातून पुढं सरकून जाणार कुठं?" दयानंदराव पुटपुटले. पण आपण टीव्हीवरच्या बातमीदारासारखे दिसतोय, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी व्हिडिओ रात्रीच मॅडमना पाठवून दिला आणि ते आणखी काही बोलले नाहीत.

बोलायला हवं होतं. कारण अलकाबाईंनी नवऱ्याच्या कौतुकापोटी तो व्हिडिओ आपल्या स्टेटसला लावला. स्टेटसवर लांब व्हिडिओचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी दयानंदराव दात घासत असतानाच शेजारच्या ठकुबाई दारात उभ्या राहिल्या. पदरात काहीतरी जड होतं.

"सर, बरं झालं तुम्ही सांगितलंत. आमच्या सुनेला पहाटेच पाठवली. तुमच्यामुळं दोन महिन्यांची बेगमी झाली बघा."

"मी काय सांगितलं?" तोंडातल्या फेसासकट दयानंदरावांनी विचारलं.

"आता एवढं नका लाजू," म्हणत ठकुबाई निघूनही गेल्या.

हळूहळू उलगडा झाला. अलकाबाईंच्या स्टेटसवरून तो तुकडा त्यांच्या बहिणीकडे गेला होता, तिच्याकडून भजनी मंडळात, भजनी मंडळातून संबंध पेटेत. वाटेत कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'मोठे साहेब स्वतः सांगत आहेत.'

"अहो, मग जाऊन सांगा ना लोकांना की तसं काही नाही," अलकाबाई म्हणाल्या. आणि निघालेल्या नवऱ्याच्या हातात त्यांनी कापडी पिशवी कोंबली. "जाताच आहात तर अर्धा किलो पूडही आणा. कालच्या शूटिंगात डबा सांडला."

सुब्बारावांच्या कॉफीच्या दुकानापासून निघालेली रांग कोपऱ्यावरच्या मारुतीला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत शिरली होती. आत दळण्याचं यंत्र घरघरत होतं. सगळ्या रस्त्यावर असा खमंग वास सुटला होता की जे रांगेत नव्हते तेही येऊन उभे राहत होते.

"सर आले! सर आले!"

दयानंदरावांनी दोन्ही हात वर केले. "ऐका, ऐका! कॉफीची टंचाई वगैरे काही नाही. सगळे घरी जा."

रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "टंचाई नाही, तर तुम्ही पिशवी घेऊन कशाला आलात?"

"ही? ती... आमच्या घरची संपलीय म्हणून."

"ऐकलंत? सरांच्या घरची पण संपली!"

ती बातमी रांगेच्या शेपटापर्यंत धावत गेली आणि परत येईपर्यंत शेपूट आणखी वाढलं होतं. दयानंदरावांनी मोबाइल काढून व्हिडिओचा शेवट लोकांना ऐकवायचा प्रयत्न केला, पण यंत्राच्या घरघरीत 'घाबरू' एवढंच ऐकू आलं, 'नका' विरून गेलं.

ते रांगेतून वाट काढत गल्ल्यापाशी पोचले. "सुब्बाराव, तुम्ही तरी सांगा. तुमच्याकडे बिया आहेत ना?"

"सकाळपर्यंत होत्या, सर," घाम पुसत सुब्बाराव म्हणाले. "आता तळाशी आलो. पण मी माणसासारखा वागतोय हं. भाव एका पैशानं वाढवला नाही. फक्त कॉफीत मिसळायची ती स्वस्त चिकोरी स्वल्प जास्त टाकतोय."

दयानंदराव बघतच राहिले. इतकी वर्षं फळ्यावर खडूने काढलेली मागणीची रेघ आज रस्त्यावर पिशव्या घेऊन उभी होती. त्यांच्यातला मास्तर काही त्यांना गप्प बसू देईना. आईने पाठवलेली त्यांच्या वर्गातली चार-पाच मुलंही रांगेत होतीच. ते पायरीवर चढले.

"अभिमन्यू, सांग. पूड कमी कशामुळं पडली?"

"सगळे एकदम आले म्हणून, सर."

"आणि सगळे का आले?"

"कमी पडणार म्हणून!"

"शाब्बास!" रांगेतल्या आज्याही माना डोलवायला लागल्या. वर्गात असा रंग कधी भरला नव्हता. दयानंदराव भलतेच खुलले आणि तेवढ्यात, रांगेत एका छत्रीआड, त्यांना ओळखीचा चष्मा दिसला. वाणी मॅडम!

पायरीवरून उतरून ते जवळ गेले. "मॅडम, गैरसमज झाला. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला तर कळतं, ते नुसतं उदाहरण—"

"मी शेवटपर्यंत बघितला, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दोनदा."

"मग तुम्ही रांगेत कशा?"

"बाकीच्यांनी बघितला नाही ना! ते सगळी पूड उचलणार आणि माझ्यासारखी शहाणी उपाशी राहणार, हे तुमच्याच व्हिडिओनं मला शिकवलं. चांगलं समजावलंयत हो."

दयानंदरावांनी पिशवी सरळ केली आणि ते मॅडमच्या मागे रांगेत उभे राहिले. मॅडमना पूड मिळाली. दयानंदरावांचा नंबर आला तेव्हा सुब्बारावांनी यंत्र बंद केलं आणि दारावर खडूने लिहिलं, 'उद्या कॉफीपूड नाही.' काल जे खोटं होतं ते आज खरं झालं होतं. आठवडाभर घरात चहा प्यावा लागला, आणि तो देताना अलकाबाई दर वेळी कप जरा आपटूनच ठेवत.

सोमवारी मॅडमनी त्यांना बोलावलं. "सर, तुमचे सगळे तास तुमच्याकडेच राहतील. पडद्याची तुम्हाला गरज नाही. फळा, खडू आणि तुम्ही. फक्त एक विनंती आहे. परत व्हिडिओ करू नका."

दयानंदराव खोलीबाहेर आले ते हवेतच. जिंकलो! तेवढ्यात विज्ञानाचे प्रदीपकुमार सर घाईघाईने आडवे आले.

"सर, तुमच्या मुलीचा नंबर द्या ना. काय जबरदस्त करते हो ती! मॅडमनी मलाही परवानगी दिलीय. या शनिवारी मी पण माझा व्हिडिओ करणार."

"छान! कोणता धडा घेताय?"

"भूकंप."

दयानंदरावांनी नंबर दिला. मग जिन्यापाशी जाऊन त्यांनी हळूच घरी फोन लावला.

"अलका, या शनिवार-रविवारी आपण देवनहळ्ळीला तुझ्या खंडोजीअण्णाकडं जाऊन येऊ. आश्लेषाला म्हणावं, काम तिथंच बसून कर."

"आता हे काय मधेच? अण्णाकडं काय आहे?"

"काही नाही गं," दयानंदराव म्हणाले. "मोकळं शेत आहे."