न सुटलेली गोळी

“हळू रे, बाबा झोपलेत.”

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण दुपारची जेवणं उरकली की गेमवाल्याच्या कानात तिचा हा सूर अजून उमटायचा. बाबा तेव्हा बेकरीत रात्रपाळी करत, आणि दुपारी सगळं घर चवड्यांवर चाले. दार हळू, भांडं हळू, भांडण झालंच तर तेही हळू. पुढे बेकरी सुटली, आई गेली, भट्टीच्या धगीनं विरळ झालेल्या बाबांच्या भुवया पिकल्या. दुपारची झोप मात्र होती तशीच राहिली, आणि तिच्यावरचा पहाराही.

त्या पहाऱ्यात गेमवाल्यानं एक व्हिडिओ गेम बनवला. काळा पडदा, त्यावर एक पांढरा ठिपका, आणि चहूकडून गारांसारख्या कोसळणाऱ्या तांबड्या गोळ्या. ठिपक्यानं त्या चुकवायच्या आणि उलट आपल्या झाडायच्या. गोष्ट नाही, संगीत नाही, तिसरा रंग नाही. आवाज एकच, आणि तोही गेमचा नव्हे, तर गोळी झाडण्यासाठी बडवायच्या कीबोर्डच्या लांब पट्टीचा. टक टक टक. बाबांची खाट भिंतीपलीकडेच. गोळी सुटते आहे म्हटल्यावर गेमवाल्याचं बोट काही ऐकायचं नाही. म्हणून रोज जेवणानंतर तो गोळी झाडण्याची सोयच बंद करून ठेवी आणि चहाच्या वेळी पुन्हा चालू करी.

गेम पडला तर काय, हे मेहुण्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. त्याचं गाद्यांचं दुकान होतं.

“भावोजी, नाही चाललं तर एक तारखेपासून या. काउंटर पुसून ठेवलाय.”

“बघू.”

“बघू नाही. या.”

अखेर एके दुपारी बायकोच वैतागली. “उद्या-उद्या करत म्हातारा होशील. आत्ताच्या आत्ता सोड तो गेम,” ती दबक्या आवाजात ओरडली. त्यानंही दबक्या बोटानं गेम जगात सोडला.

चहाच्या कपाबरोबर पहिली तक्रार आली: ‘गोळीच सुटत नाही. बटण बिघडलंय का?’

गेम सोडला तेव्हा दुपार होती. सोय बंद होती. गेम तसाच बाहेर पडला होता. तो दुरुस्तीला बसणार, तोच तक्रारीखाली दुसऱ्या कुणाचं उत्तर उगवलं: ‘बटण नाही, तुझी नजर बिघडलीये. इथे मारायचं नाहीच. अंग चोरून तगायचं. आपण घराबाहेर पडून दुसरं काय करतो?’

मग रांगच लागली. ‘तासभर बटण बडवलं. मग रडलो. मग कळलं.’ कुणी लिहिलं, ‘साहेब ओरडत असताना आता मी फक्त जरा डावीकडे सरकतो. आभार.’

“आता हात लावू नकोस,” बायको म्हणाली.

“अगं, पण हे खोटं आहे.”

“तू बोललास का खोटं? ते आपणहून म्हणताहेत.”

त्याचं मन मात्र खाई. दोन दिवसांनी त्यानं गुपचूप गोळी चालू केली, आणि अर्ध्या तासात आभाळ फाटलं. ‘ठिपक्याच्या हाती बंदूक? तुम्हीसुद्धा?’ ‘शेवटी हाही बाजारात जाऊन बसला.’ मेहुण्याचा फोन आला, “भावोजी, काउंटर परत पुसू का?” गेमवाल्यानं घाईघाईनं गोळी पुन्हा बंद केली. लोकांनी मोठ्या मनानं माफ केलं, आणि गेम आधीपेक्षा जास्त चालू लागला.

शेवटी एका मासिकाची बातमीदार बाई घरी आली, नेमकी दुपारी.

“बंदूक काढून घ्यावी, हे सुचलं कसं तुम्हाला?”

“जरा हळू बोला,” गेमवाला कुजबुजला. “बाबा झोपलेत.”

बाईंनी पेन थांबवलं. “म्हणजे हे मौन या घरातलंच आहे?”

दाराआडून बायको मान हलवून ‘हो म्हण, हो म्हण’ करत होती. गेमवाल्याच्या डोळ्यांपुढे पुसलेला काउंटर चकाकला. पण आईच्या त्या सुरात खोटं बोलायची त्याला कधी सवयच नव्हती.

“मौन वगैरे काही नाही हो. दुपारची मी गोळी बंद ठेवतो. त्या दिवशी चालू करायची राहून गेली. चूक झाली.”

बाईंनी कौतुकानं लिहून घेतलं: ‘कमालीचा विनम्र.’ मग त्यांना झोपलेल्या बाबांचा फोटो हवा झाला. तिघं चवड्यांवर आत गेली. बाबा छातीवर हात ठेवून, तालात श्वास घेत पडले होते. बाईंनी कॅमेरा उचलला.

“दिवा लावा, फोटोत अंधार येईल,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

“उठवलं का बाबा तुम्हाला?”

“उठायला आधी झोपावं लागतं.” बाबा खाटेवर उठून बसले. “मला दिवसा झोप कधी लागलीच नाही. बेकरीत होतो तेव्हाही नाही.”

“मग आई इतकी वर्षं—”

“मी डोळे मिटले की तीही तासभर टेकायची. एरवी तिचे हात थांबायचे का? ती गेल्यावर सांगणार होतो तुला. पण तू इतक्या मायेनं दार लोटायचास, की धीर झाला नाही.” बाबांनी मधल्या भिंतीवर हात ठेवला. “ती तुझी टकटक मात्र दुपारची चालू ठेवत जा. ती थांबली की मला वाटतं, पोरगा गेला गाद्या विकायला.”